युरिया चढला, क्रिएटिनिन जागेवर

युरिया दोनशे आठ आला तेव्हा मी आधी स्वतःलाच शिवी दिली. पिपेट चुकली असणार, दुसरं काय! सॅम्पल परत लावलं. दोनशे चार. तिसऱ्यांदा लावलं, आणि या वेळी स्वतःच्या दंडाला पट्टी बांधून माझं रक्त काढलं आणि तेही शेजारी लावलं. माझा युरिया सव्वीस, म्हणजे नॉर्मल. पेशंटचा दोनशे सहा. केमिकल ठीक, मशीन ठीक, हात ठीक. तेव्हा कुठे माझं डोकं खरं फिरलं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. अंबडला डॉ. मुळे साहेबांच्या दवाखान्याच्या खाली माझी लॅब होती. लॅब कसली, दहा बाय बाराची खोली. एक मायक्रोस्कोप, रक्त गरगर फिरवून वेगळं करणारा एक सेंट्रिफ्यूज, रंगावरून आकडा सांगणारा एक कलरीमीटर आणि गॅसवर सदा उकळत असलेलं पाण्याचं पातेलं. मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन. डॉक्टर नव्हे. याची मला रोज कोणीतरी आठवण करून द्यायचं, आणि बहुतेक वेळा ते मुळे साहेबच असायचे.

पेशंट होते साळवे गुरुजी. घनसावंगीच्या पुढे गोदाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती. बीपीचा आजार अंगावर काढला आणि त्यात किडन्या हळूहळू खराब होत गेल्या. याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात. क्रॉनिक म्हणजे जुनाट. किडनी एकदम बंद पडत नाही, थोडी थोडी बसत जाते, आणि गेलेला भाग परत येत नाही. त्यामुळे गुरुजी दर महिन्याला येऊन माझ्याकडे रक्त देऊन जायचे. हात पुढे करताना शर्टाची बाही तीन घड्या घालून वर करायचे आणि म्हणायचे, "घ्या, हजेरी घ्या आमची."

आता माझं डोकं का फिरलं ते सांगतो. किडनीचं काम रक्तातला कचरा बाहेर टाकणं. ती किती काम करते हे बघायला आम्ही रक्तातले दोन कचरे मोजतो. एक युरिया, तो प्रोटीन पचल्यावर तयार होतो. डाळ, अंडी, मटण, सगळ्यातून. दुसरा क्रिएटिनिन, तो आपल्या स्नायूंतून निघतो, आणि रोज जवळजवळ तेवढाच निघतो. किडनी बसली की दोन्ही चढतात, सोबतच चढतात. गुरुजींचा मागच्या महिन्यातला युरिया होता शहाण्णव, क्रिएटिनिन तीन पूर्णांक नऊ. या महिन्यात युरिया दुपटीच्या वर गेला आणि क्रिएटिनिन चार पूर्णांक एक. म्हणजे जागचं हललंच नाही म्हणा. एक कचरा दुप्पट होतो आणि दुसरा तसाच राहतो, हे कसं काय?

वर हिमोग्लोबिन. साडेआठवरून सहा पूर्णांक दोनवर आलं होतं. साहलीची नळी हे आमचं तेव्हाचं हत्यार. रक्तात ॲसिड घालायचं आणि तपकिरी रंग जुळेपर्यंत पाणी टाकत राहायचं. त्यात अर्धा ग्रॅम इकडेतिकडे होतो हे मी मान्य करतो. दोन ग्रॅम नाही होत.

रिपोर्ट घेऊन मी जिना चढलो. शनिवारची ओपीडी, बाकडी भरून लोक जिन्यावर बसलेले. साहेबांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन सेकंदांत परत दिला.

"झालं. मला वाटतच होतं," ते म्हणाले.

"साहेब, क्रिएटिनिन बघा ना..."

"बघितलं."

"ते वाढलं नाही."

"अरे प्रल्हाद, माणसाला मळमळतंय. दोन आठवडे जेवण नाही. उलट्या होतात. अंगात रक्त राहिलं नाही. युरिया दोनशे. किडनी फेल व्हायला आली याला आणखी काय पुरावा पाहिजे तुला, पंचनामा? सोमवारी औरंगाबादला डायलिसिस लावायला सांगतो. फोन करतो मी."

"पण दोन्ही सोबत चढायला पाहिजेत ना?"

"मग तुझं क्रिएटिनिन चुकलं असेल. केमिकल बदल. आणि तू लॅब सांभाळ, पेशंट मी सांभाळतो."

साहेब वाईट माणूस नव्हते, हे इथेच सांगून टाकतो. सत्तर-ऐंशी पेशंट रोज बघायचे आणि एकालाही उगाच सुई टोचायचे नाहीत. पण घाईत असले की अंगावर यायचे. मी खाली आलो. बाकावर गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. तोंड पांढरंफटक.

"काय म्हणले साहेब?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी औरंगाबादला जायचं म्हणतात. डायलिसिस."

गुरुजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "हफ्त्याला किती वेळा?"

"दोनदा. काहींना तीनदा."

"म्हंजी गाव सोडून औरंगाबादलाच ऱ्हावं लागंल. पोरीची तारीख याच महिन्याची हाय. पयलं बाळंतपण, माहेरी आली ती. अन् बापच घरात न्हाई." ते उठले, बाही खाली केली, बटण लावलं. "बरं. रिपोर्ट बराबर हाय ना, प्रल्हादराव?"

"बराबर आहे," मी म्हणालो. गुरुजी दाराबाहेर पडले. बराबर आहे की नाही हे मला कुठे ठाऊक होतं? माझ्या आकड्यावर एक माणूस सोमवारी मशीनला लागणार होता. आकडा चुकीचा असेल तर?

मला बसवेना. उरलेल्या पेशंटांचं काम उरकलं, कसं उरकलं ते विचारू नका. गुरुजींचं उरलेलं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटतं ते पिवळं पाणी, एका छोट्या बाटलीत भरलं, बाटली बर्फाच्या थर्मासात ठेवली आणि स्टँडवर पळालो. त्या काळात आमचं कुरिअर म्हणजे एसटीचा कंडक्टर. जालन्याच्या गाडीला थर्मास द्यायचा, तिकडे माझा मित्र सय्यद उतरवून घ्यायचा. त्याची लॅब मोठी, नवीन मशीनची. एसटीडीवरून त्याला फोन केला.

"सय्यद, युरिया-क्रिएटिनिन लाव. माझे आकडे तुला सांगत नाही."

"क्यूं, इम्तिहान आहे का?"

"परीक्षा माझीच आहे. जल्दी कर."

तीन तासांत फोन आला. मी बूथच्या बाहेरच येरझाऱ्या घालत होतो, बूथवाला वैतागला होता.

"युरिया दोनशे एक, क्रिएटिनिन चार पूर्णांक दोन," सय्यद म्हणाला. "बिलकुल घाण केस आहे भाई. कोण आहे?"

म्हणजे माझा आकडा खरा होता. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. आकडा खोटा असता तर सरळ माफी मागून मोकळा झालो असतो. आता आकडा खरा होता आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता. असली गोष्ट माझ्या स्वभावाला मानवत नाही. घरी बायको म्हणाली, "तुम्ही जेवताय का ताटाकडं बघत बसलाय?"

माझ्याकडे डीएमएलटीच्या वेळच्या वह्या होत्या. ट्रंकेतून काढल्या. बायोकेमिस्ट्रीच्या वहीत एक पान सापडलं: क्रिएटिनिन न वाढता युरिया वाढण्याची कारणं. अंगातलं पाणी कमी होणं. जास्त मांसाहार. अंगात मोठी जखम, ताप. आणि चौथं कारण मी तेव्हा सरांनी सांगितलं म्हणून नुसतंच उतरवून घेतलं होतं: जठरात किंवा आतड्यात रक्तस्राव.

ते मी तीनदा वाचलं. रक्त म्हणजे प्रोटीनच की! माणसाच्या स्वतःच्या जठरात रक्त पाझरत राहिलं तर ते खाली आतड्यात उतरतं, तिथे पचतं, आणि मटण खाल्ल्यासारखा त्याचा युरिया होतो. चांगल्या किडनीचा माणूस तो बाहेर फेकतो. गुरुजींच्या किडनीला ते झेपणार नव्हतं. युरिया चढला, क्रिएटिनिन जागेवर. हिमोग्लोबिन उतरलं. सगळं जुळत होतं.

आणि मग आठवलं.

तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी गुरुजींच्या शौचाची तपासणी सांगितली होती. शौच काळं होतंय अशी गुरुजींची तक्रार होती. वरच्या बाजूला, जठरात वगैरे रक्त गेलं की खाली येईपर्यंत ते डांबरासारखं काळं होतं. आमच्याकडे त्यासाठी एक साधी टेस्ट असते, शौचात रक्त असेल तर कागदावर निळा रंग येतो. गुरुजींचा आला होता. चांगला ठळक निळा. पण लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तरी शौच काळं होतं, आणि त्या गोळ्यांनी टेस्टही फसू शकते असं आम्हाला शिकवलेलं. साहेबांच्या चिठ्ठीवर गुरुजींना लोहाच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या, किडनीच्या पेशंटला रक्त कमी असतं म्हणून. ते बघून मी रिपोर्टच्या खाली एक ओळ लिहिली होती. लॅबच्या कार्बन कॉपीत ती माझ्याच अक्षरात होती: 'रुग्ण लोहाच्या गोळ्या घेत आहे. निष्कर्ष ग्राह्य धरू नये.'

ही ओळ मी हुशारीने लिहिली होती. साहेबांनी शाबासकीही दिली होती. गुरुजी माझ्या समोर त्याच बाकावर बसले होते, हाताच्या अंतरावर. गोळ्या खरंच घेता का, हे मी त्यांना विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी लॅब उघडलीच नाही. घनसावंगीची जीप पकडली. काळी-पिवळी, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. तेरा माणसं झाली तरी ड्रायव्हर खाली उभा राहून चौदाव्याला हाका मारत होता. मी ओरडलो, "अरे निघ ना बाबा, पेशंट आहे!" तो म्हणाला, "कुठं हाय पेशंट? तुमी तर धडधाकट दिसता." लोक हसले. मला हसू येत नव्हतं. घनसावंगीहून पुढे दुसरी जीप, मग एक किलोमीटर पायी.

गुरुजी ओसरीत खाटेवर पडले होते. काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, बॅग भरायला घेतली होती: दोन धोतरं, टॉवेल, स्टीलचा डबा. मला बघून सगळे घाबरले. लॅबवाला माणूस घरी येतो म्हणजे काहीतरी वंगाळ. गुरुजींची मुलगी सुनंदा भिंत धरून बाहेर आली, दिवस भरत आलेले. ती मात्र तजेलदार दिसत होती, हे माझ्या लक्षात आलं. लॅबवाल्याची नजर आधी नखांकडे जाते, तिची नखं गुलाबी होती.

पाणी झालं. मी सरळ विषयाला हात घातला.

"गुरुजी, साहेबांनी लिहिलेल्या त्या लाल गोळ्या, लोहाच्या, घेता ना?"

"घेतो ना," गुरुजी म्हणाले. फार लवकर म्हणाले.

"रोज?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

काकूंनी बॅगेतला टॉवेल काढून परत घडी घालायला सुरुवात केली. तो आधीच घडी केलेला होता.

"दाखवा बरं पाकीट," मी म्हणालो.

"ते... संपलं आसंल."

तेवढ्यात सुनंदा बोलली. "लाल गोळ्या? रक्ताच्या?" ती आत गेली आणि पावडरच्या डब्यातून एक पट्टी घेऊन आली. "ह्या का? ह्या तर माझ्या हायत. दादांनी माझ्यासाठी आणल्या."

गुरुजी छताकडे बघत होते.

"दादा?" सुनंदा म्हणाली.

"ती आली तव्हा पार फिकी पडल्ती," गुरुजी हळूच म्हणाले, माझ्याकडे न बघता. "उपकेंद्रात गोळ्या संपल्या होत्या. नर्सबाई म्हणल्या पुढच्या महिन्यात या. मंग म्या म्हणलं, माझ्याकडं हायतच की. तिला दोन जिवाचं बघायचंय. माझं काय, माझं वय झालं."

"किती दिवस झाले?"

"आली तव्हापासून. दोन म्हैने झाले."

"म्हणजे तुम्ही दोन महिन्यांत एकही गोळी खाल्ली नाही?"

"पयल्या दोन-चार खाल्ल्या. मळमळून राह्यलं होतं, सोडल्या."

"मग शौच काळं कशानं होत होतं, गुरुजी?"

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता. "साहेब म्हणले, गोळ्यानं होतंय, घाबरू नका. आता साहेबाला कसं सांगायचं की म्या गोळ्याच खात न्हाई? त्यांनी एवढं ध्यान देऊन लिहून दिल्त्या. खोटं बोलल्याची लाज वाटली मला. मंग म्या म्हणलं, आसंल दुसरं कायतरी."

"दादा!" सुनंदा रडायलाच लागली. "मला सांगायचं ना! म्या खाल्ल्या असत्या का तुमच्या गोळ्या?"

"म्हणूनच न्हाई सांगितलं," गुरुजी म्हणाले.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. गुरुजींचा आला, आणि त्याहून जास्त माझा. मी विचारलं, पोटात दुखतं का? तर म्हणाले वीस वर्षांपासून जळजळतं, उपाशी राहिलं की जास्त, खायचा सोडा पाण्यात घालून घेतो की बरं वाटतं. हे साहेबांना सांगितलं का? तर म्हणे किडनीसाठी जातो तिथे पोटाचं काय सांगायचं! काकू म्हणाल्या, "आहो, पण ते काळं अजून चालूच हाय की. परवा तर चक्कर यिऊन पडले मोरीत."

"उठा," मी म्हणालो. "बॅग तीच घ्या. आत्ता अंबडला चला."

गावातल्या एकाची जीप मिळाली. साहेबांच्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि साहेब झोपले होते. बनियनवर बाहेर आले, डोळे लाल.

"काय झालं? उद्या जायचंय ना औरंगाबादला?"

मी कार्बन कॉपी त्यांच्या पुढे धरली. एका दमात सगळं सांगितलं, सय्यदचे आकडे, वहीतलं पान, सुनंदाचा पावडरचा डबा. मध्येच ते म्हणाले, "थांब, हळू बोल." मग त्यांनी शौचाचा रिपोर्ट हातात घेतला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"विचारलं होतंस यांना?"

"नाही."

साहेब खुर्चीत बसले. मला वाटलं आता बरसणार. त्यांनी ती ओळ परत एकदा वाचली आणि म्हणाले, "मीही नव्हतं विचारलं."

पुढे सगळं भराभर झालं. साहेबांनी गुरुजींना तपासलं, नाडी एकशे दहा, बीपी नेहमीपेक्षा बरंच खाली. मी लॅब उघडून ताजी टेस्ट लावली. कागद क्षणात निळा. साहेबांनी औरंगाबादच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवल्यावर त्यांचा आवाज बदललेला होता.

"डायलिसिसच्या मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, माहितीये ना तुला?"

माहीत होतं. हेपॅरिन म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध.

"पोटात जखम वाहत असलेल्या माणसाला उद्या आपण हेपॅरिन दिलं असतं," साहेब म्हणाले. "आणि मेला असता तर म्हटलं असतं, किडनीने गेला."

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

गुरुजींना त्याच संध्याकाळी औरंगाबादला हलवलं. मी सोबत गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण लॅबमध्ये बसून माझ्याच्याने काही झालं नसतं. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, त्यासाठी गुरुजींच्या शाळेतले दोन मास्तर येऊन रक्त देऊन गेले. सोमवारी एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर बघतात ती. जठर संपून आतडं सुरू होतं तिथे अल्सर होता, रुपयाच्या नाण्याएवढा, आणि त्यातून रक्त झिरपत होतं.

एंडोस्कोपीवाले डॉक्टर तरुण होते, बोलके होते. त्यांनी जठराच्या अस्तराचा मोहरीएवढा तुकडा काढला आणि एका पिवळ्या जेलीत टाकला. "बघत राहा," म्हणाले. मी बघत राहिलो. थोड्या वेळात तुकड्याभोवती जेली गुलाबी व्हायला लागली.

"जेलीत काय आहे?" मी विचारलं.

"युरिया."

मी चमकलो. तीन दिवस ज्याच्या मागे मी वेड्यासारखा फिरत होतो, तोच!

डॉक्टरांनी समजावलं. जठरात एक जिवाणू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. आपल्याकडे पुष्कळ लोकांना लहानपणीच होतो, पाण्यातून, उष्ट्यातून, आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. जठरातल्या ॲसिडमध्ये कोणताच जिवाणू टिकायला नको. हा टिकतो, कारण तो युरिया फोडून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवती ॲसिड मारून ठेवतो. अमोनियाने जेली गुलाबी होते. काहींच्या अस्तराला हा पोखरतो आणि तिथे अल्सर होतो. वीस वर्षांची जळजळ ती हीच. सोड्याने ॲसिड घटकाभर दबत होतं, जिवाणू मजेत होता.

"मग किडनी यानेच खराब झाली का?" मी विचारलं.

"त्यावर अजून वाद चालू आहेत," ते म्हणाले. "कोणी म्हणतं संबंध आहे, कोणी म्हणतं नाही. मी छातीठोक सांगणार नाही. पण आधीच दुबळ्या किडनीच्या माणसाचं रक्त असं गळत राहिलं, बीपी पडलं, तर उरलेली किडनीही मार खाते, हे नक्की. आणि एक गंमत बघा, किडनी फेल व्हायची आणि अल्सरची लक्षणं किती सारखी आहेत. मळमळ, उलटी, जेवण नको, रक्त कमी. एका आजाराच्या पाठीमागे दुसरा लपून बसतो."

गंमत मला वाटली नाही. पण माणूस खरं बोलत होता.

औषधातही मेख होती. या जिवाणूसाठी तेव्हा ज्या गोळ्या सर्रास दिल्या जायच्या त्यांत बिस्मथ आणि टेट्रासायक्लिन असायचं. दोन्ही किडनीच्या पेशंटला चालत नाहीत, एक अंगात साठून राहतं आणि दुसऱ्याने युरिया आणखी चढतो. डॉक्टरांनी वेगळ्या अँटिबायोटिक्स दिल्या, किडनीच्या हिशेबाने डोस कमी करून, आणि ॲसिड कमी करायची गोळी. गोळ्यांची पाकिटं काकूंच्या हातात देताना ते म्हणाले, "या फक्त यांनीच खायच्या." सुनंदाची गोष्ट तोवर त्यांच्याही कानावर गेली होती. गुरुजींनी मान खाली घातली.

डायलिसिस लागलं नाही. आठव्या दिवशी गुरुजी गावी परतले, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी सुनंदाला मुलगी झाली, बाप घरातच होता. महिन्याने गुरुजी लॅबमध्ये आले, बाहीच्या तीन घड्या घातल्या. युरिया ब्याण्णव, क्रिएटिनिन तीन पूर्णांक आठ, हिमोग्लोबिन नऊच्या वर. मी रिपोर्ट घेऊन जिना चढलो तर साहेब म्हणाले, "या, लॅब सांभाळणारे." त्यांची माफी मागायची पद्धत तेवढीच होती, आणि मला तेवढी पुरली.

गुरुजींची किडनी बरी झाली नाही, तसं कोणी समजू नये. ती बसतच गेली. चार वर्षांनी त्यांना डायलिसिस लागलंच, तोपर्यंत ते जालन्याला राहायला गेले होते. पण मधल्या चार वर्षांत ते रिटायर झाले, शाळेत निरोपसमारंभ झाला, आणि नातीला त्यांनी स्वतः पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली. मला त्या निरोपाचं बोलावणं होतं. भाषणात गुरुजी म्हणाले की आयुष्यभर मी पोरांना खरं बोला म्हणून सांगत आलो, आणि मी स्वतः एकदाच खोटं बोललो, तेही लाल गोळीवरून. लोकांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी खाली बघत बसलो, कारण ती ओळ लिहिणारा मी होतो. खोटं ते एकटेच बोलले नव्हते.

मी पुढे पंचवीस वर्षं लॅब चालवली. रिपोर्टवर न विचारता एक शब्द लिहिला नाही. आणि विचारायची पद्धतही बदलली. 'गोळ्या घेता का' म्हटलं की शंभरातले नव्वद लोक 'घेतो' म्हणतात, डॉक्टरांचा मान ठेवायला. म्हणून सुई लावायच्या आधी मी विचारायचो, "डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या घरात कोण खातं?"

आधी माणूस हसायचा. मग सांगायचा.